माकोतोची बॅच दाखवा: क्योतो ॲनिमेशनच्या चित्रकारांना खुले पत्र

क्योतो ॲनिमेशनमधील सर्व चित्रकार, लेखक आणि दिग्दर्शक यांस,

स. न. वि. वि.

मी महापालिकेच्या तलावावर बायकांच्या बॅचला पोहायला शिकवते. सकाळी दहाची बॅच. येणाऱ्या बहुतेक जणी पस्तिशी-चाळिशीच्या, आणि पाण्याला भिणाऱ्या. कुणाला लहानपणी विहिरीत ढकललेलं असतं, कुणाच्या घरातलं माणूस नदीने नेलेलं असतं. पहिल्या दिवशी मी त्यांना नुसतं पायरीवर बसवते आणि पाय पाण्यात सोडायला सांगते. तेवढ्यानेही काही जणींच्या अंगावर काटा येतो. कठड्यावरची पकड सुटता सुटत नाही.

गेल्या महिन्यात माझ्या बॅचमधल्या एका बाईने मला पोहणाऱ्या शाळकरी मुलांवरच्या तुमच्या 'फ्री!' या ॲनिमे म्हणजे जपानी चित्रमालिकेबद्दल एक प्रश्न विचारला. त्याचं धड उत्तर माझ्याकडे नव्हतं, म्हणून हे पत्र. मराठीत लिहितेय, कारण पाण्याबद्दल जे काही सांगायचं आहे ते मला मराठीतच सुचतं. तुमच्याकडे कुणीतरी वाचून दाखवेल अशी आशा आहे. आणि तसं झालं नाही तरी इकडे तुमची मालिका पाहणारी मराठी मुलंमुली आहेत, त्यांनी तरी वाचावं.

मालिका माझ्यापर्यंत आली ती भाचीमुळे. ती पुण्याला शिकते, ॲनिमे पाहते. सुट्टीत घरी आली तेव्हा लॅपटॉप माझ्यासमोर ठेवून म्हणाली, "मावशी, तू दिवसभर पाण्यात असतेस, तू हे बघच." मालिका २०१३ च्या जुलैत सुरू झाली, पण त्याआधी मार्चमध्ये तुमची पोहणाऱ्या मुलांची तीस सेकंदांची एक जाहिरात आली होती आणि तेवढ्यावरच जगभरातल्या मुली वेड्या झाल्या होत्या, हेही तिनेच सांगितलं. त्या पहिल्या गाजावाजामुळे असेल, अजूनही लोक 'उघड्या अंगाच्या पोरांची मालिका' एवढं म्हणून मोकळे होतात. मला याची चीड येते. पोहणाऱ्याचं अंग उघडंच असतं. तलावावर काम करणारा माणूस त्या अंगाकडे वेगळ्या नजरेने बघायला शिकतो: खांदा कुठे अडकतोय, कंबर कुठे खाली जातेय, दम धरलाय की सोडलाय. तुम्ही तशाच नजरेने बघितलंत, हे मला दुसऱ्या-तिसऱ्या भागातच कळलं. भिंतीला पाय देऊन निघालेला तुमचा नायक हारुका दोन्ही हात डोक्यापुढे जोडून बाणासारखा ताणलेला असतो. पाणी अंगावरून सुटतं ते कापडासारखं निसटतं, नुसते शिंतोडे उडत नाहीत. आणि पाण्याखाली गेल्यावर बाहेरचा आवाज जो दबतो, तो तुम्ही ऐकवलात. माझ्या बायकांना सगळ्यात जास्त भीती त्या दबलेल्या आवाजाची वाटते. डोकं पाण्याखाली गेलं की जग बंद झाल्यासारखं होतं, असं त्या सांगतात.

पण मी तुमची झाले ती पाचव्या-सहाव्या भागात.

इवातोबी गावच्या शाळेच्या संघातली चार मुलं सरावासाठी समुद्रावर जातात. शाळेचा तलाव उघड्यावरचा, त्यात पोहायचे दिवस थोडे, म्हणून एका बेटापासून दुसऱ्या बेटापर्यंत पोहून दम वाढवायचा असा बेत. रेई नवशिका, तो मागे पडतो. आपल्यामुळे सगळे अडतात हे त्याच्या मनाला लागतं, आणि रात्री कुणाला न सांगता तो एकटाच समुद्रात सराव करायला उतरतो. वादळ येतं. त्यांच्यातलाच माकोतो ते बघतो आणि धावत जाऊन पाण्यात शिरतो. चौघांत अंगापिंडाने सगळ्यात मोठा, खांदे रुंद, पोहण्यात तरबेज. रेईच्या दिशेने जाता जाता मध्येच त्याचे हातपाय थिजतात. लहानपणी त्याच्या ओळखीचा एक म्हातारा कोळी होता. किनारा फार लांब नसताना त्याची बोट वादळात बुडाली. त्याच्या अंत्ययात्रेतली पांढऱ्या कपड्यांतल्या माणसांची रांग माकोतोच्या डोळ्यांसमोर येते आणि पाणी त्याच्यावर बसतं. शेवटी हारुका त्याला ओढून काढतो.

हे बघताना मी लॅपटॉप थांबवून थोडा वेळ गॅलरीत जाऊन उभी राहिले.

मी नऊ वर्षांची होते. मे महिन्याची सुट्टी, मामाचं गाव, मळ्यातली विहीर. आमच्याकडे पाठीला वाळलेला भोपळा बांधून पोहायला शिकवायची जुनी रीत होती. माझ्या वेळेपर्यंत भोपळा जाऊन पत्र्याचा डबा आला होता. मामाने डबा बांधला, काठावर उभं केलं आणि मागून ढकललं. वरून पडताना दोरी सैल झाली, डबा एका बाजूला गेला, मी दुसऱ्या बाजूला. कुणीतरी केसांना धरून वर काढलं. काठावर सगळे हसत होते. मामा वाईट माणूस नव्हता, त्यालाही त्याच्या वडिलांनी असंच शिकवलं होतं. पण त्यानंतर बावीस वर्षं मी घोट्याच्या वर पाणी लागू दिलं नाही. मैत्रिणींबरोबर कोकणात गेले तर वाळूत चपला सांभाळत बसायचे. आणि त्या बावीस वर्षांत मला सगळ्यात जास्त कशाने छळलं असेल तर ती भीती लपवण्याने. एवढी घोडी झाली तरी पाण्याला भिते, हे वाक्य कुणी तोंडावर म्हटलं नाही तरी मला ऐकू यायचं.

म्हणून त्या सहाव्या भागात तुम्ही जे केलंत ते मला फार मोठं वाटतं. जीव वाचल्यावर माकोतो मित्रांना सगळं सांगतो. समुद्राची भीती वाटते, पण तुमच्याबरोबर पोहायचं आहे. आणि बेटावरच्या एका पडक्या जागेत, ओल्या कपड्यांत बसलेल्या त्या तीन मुलांपैकी कुणीही हसत नाही. 'अरे, घाबरायचं काय त्यात' असं म्हणत नाही. उगाच पाठीवर थाप मारून विषयही बदलत नाही. ते ऐकून घेतात. पंधरा-सोळा वर्षांच्या मुलांच्या गोष्टीत भित्रा मुलगा बहुतेक वेळा हसवण्यासाठी ठेवलेला असतो. तुम्ही संघातला सगळ्यात भक्कम मुलगाच पाण्याला भिणारा केलात, त्यालाच कप्तान केलंत आणि त्याची भीती अखेरपर्यंत पुसून टाकली नाहीत. रेईलाही तुम्ही मूर्ख ठरवलं नाहीत. शिकवणारी म्हणून एवढं मात्र सांगते, की तलावात चार दिवस पोहलेला माणूस रात्री एकटा समुद्रात उतरतो हे दृश्य मी माझ्या बॅचला मुद्दाम दाखवते. लाटेला कठडा नसतो, हे त्यांना माझ्या बोलण्यातून जेवढं कळत नाही तेवढं त्या पाच मिनिटांत कळतं.

माकोतोचा स्ट्रोक बॅकस्ट्रोक, म्हणजे पाठीवर पोहण्याचा आहे, हा मला योगायोग वाटत नाही. चार स्ट्रोकपैकी तेवढ्या एकातच तोंड पाण्याच्या वर राहतं, हवा तेव्हा श्वास घेता येतो. काही भिणाऱ्या माणसांना मी आधी पाठीवरच तरंगायला शिकवते. आणि गंमत बघा, चौघं चार वेगळे स्ट्रोक पोहतात त्या मेडले रिलेत पहिला नंबर बॅकस्ट्रोकचाच. तो एकच स्ट्रोक असा आहे की सुरुवात ठोकळ्यावरून उडी मारून होत नाही, पाण्यात उतरून भिंतीला धरून करावी लागते. मधल्या कुणी तसं करायचं म्हटलं तर येणाऱ्याच्या हाताखाली अडकेल. म्हणून बॅकस्ट्रोक, मग ब्रेस्टस्ट्रोक, मग बटरफ्लाय आणि शेवटी फ्रीस्टाइल, असा क्रम ठरलेला. म्हणजे इवातोबीच्या चौघांत सगळ्यात आधी पाण्यात उतरायचं ते पाण्याला भिणाऱ्या माकोतोने. तो उतरून निघाल्याशिवाय नागिसा, रेई, हारुका यांपैकी कुणाचंच सुरू होत नाही. तुम्ही हे कुठेही बोलून दाखवत नाही. आमच्यासारख्यांना ते दिसतं.

रेईबद्दल थोडं बोलायलाच हवं. पोल व्हॉल्टमधून, म्हणजे बांबूउडीतून आलेला, सगळं पुस्तकातून समजून घेणारा, आणि पाण्यात टाकला की दगडासारखा तळाला जाणारा. सगळे आपापल्या परीने शिकवून थकतात. आणि मग एक दिवस त्याला एकदम बटरफ्लाय जमतो, तेवढा एकच. इथे मी पहिल्यांदा मान हलवली होती. बटरफ्लाय सगळ्यात अवघड, दोन-दोन वर्षं पोहणाऱ्यांना तो येत नाही, पहिलाच कसा येईल? नंतर विचार केला तेव्हा आठवलं, की माझ्याकडे एक आजी यायच्या. फ्रीस्टाइलचे पाय त्यांना कधी जमले नाहीत, पण बेडकासारखे पाय मारायला सांगितले आणि त्या सरळ निघाल्या. ज्याच्या त्याच्या अंगात एखादी हालचाल आधीपासून असते, ती सापडेपर्यंत थांबावं लागतं. तरीही बटरफ्लायचं तुम्ही थोडं सैलच सोडलंत, असं माझं मत आहे ते आहे. पहिल्या पर्वाच्या शेवटच्या रिलेत हाच रेई आपली जागा त्यांच्या जुन्या मित्राला, दुसऱ्या शाळेच्या रिनला देतो, चौघं पोहतात आणि बाद ठरतात. भाची तिथे रडली. मी रेईसाठी रडले. एवढ्या उशिरा, एवढ्या कष्टाने पाण्यात उतरलेला मुलगा त्या दिवशी काठावर उभा होता. पुढच्या पर्वात तो उरलेले स्ट्रोक शिकण्यासाठी गुपचूप रिनकडेच जातो, तेव्हा माझा राग गेला.

रिनच्या संघातल्या सोसुकेचा भाग मात्र मला आजही पुन्हा बघवत नाही. दुखरा खांदा लपवून पोहत राहणं तुम्ही सुंदर दाखवलंत, आणि तेच मला नको वाटतं. खांदा एकदा गेला की नीट परत येत नाही. आमच्या तलावावर स्पर्धेची मुलं सकाळ-संध्याकाळ पोहतात, त्यांच्यात असे लपवणारे असतात. त्यांनी सोसुकेकडून चुकीचं घेऊ नये, एवढीच काळजी.

आता जागेबद्दल. इवातोबी हे गाव कल्पनेतलं असलं तरी ते तोत्तोरी प्रांतातल्या इवामीवरून घेतलंय, हे तुमच्या चाहत्यांना पाठ आहे. जपानी समुद्राच्या काठचं कोळ्यांचं छोटं गाव, आणि तोत्तोरी म्हणजे जपानमधला सगळ्यात कमी वस्तीचा प्रांत. तिथलं स्टेशन, बंदरातल्या बोटी, उरादोमेचा खडकाळ किनारा, घरांमधून देवळाकडे चढत जाणाऱ्या पायऱ्या, हे सगळं तुम्ही इतक्या मायेने काढलंत की लोक ते बघायला आगगाडीत बसून त्या गावाला जातात. मी गेलेले नाही. पण त्या गावात पोहणं काय आहे, हे तुम्ही मला समजावलंत. समुद्र तिथे दाराशी आहे. पोट तोच भरतो आणि माणसंही तोच नेतो. रिनचे वडील कोळी, तेही समुद्रातच गेले. ज्या पाण्याने वडील नेले त्याच पाण्यात उतरून वडिलांचं राहिलेलं स्वप्न पुरं करायचं, हा रिनचा हट्ट आमच्या कोळीवाड्यातल्या माणसाला कुणी समजावून सांगायची गरज नाही.

शाळेच्या तलावाचं मी नंतर शोधून वाचलं. ११ मे १९५५ रोजी सेतोच्या समुद्रात दाट धुक्यात 'शिउन मारू' ही फेरीबोट दुसऱ्या बोटीवर आदळून बुडाली. १६८ माणसं गेली, आणि त्यातली निम्म्याहून अधिक शाळेच्या सहलीला निघालेली मुलं होती. त्या धक्क्यानंतर जपानभर शाळांमधून तलाव बांधले गेले आणि पोहणं शाळेत शिकवायच्या गोष्टींत पक्कं बसलं. ते मी वाचलं आणि इवातोबीच्या त्या पडक्या तलावाकडे माझं बघणंच बदललं. पहिल्या भागांत मुलं फटींतलं गवत उपटतात, भेगा बुजवतात, रंग लावतात, ते मला आधी नुसतं गोड वाटलं होतं. आता कळतं की असा प्रत्येक तलाव कुणाच्या तरी बुडालेल्या लेकरांमुळे बांधलेला आहे. आणि तुमच्याकडच्या बातम्या खऱ्या असतील तर आज पुष्कळ शाळा ते तलाव बंद करताहेत. जुने झाले, दुरुस्तीला पैसा लागतो, म्हणून मुलांना खासगी तलावावर नेतात. काही न करण्यापेक्षा ते बरंच. तरी गावचा तलाव बंद पडतो तेव्हा काय जातं हे मला ठाऊक आहे. आमचा तलाव दुरुस्तीसाठी बंद होता तेव्हा माझ्या बॅचमधल्या अर्ध्या बायका परत आल्याच नाहीत. भीती त्यांनी निम्मी उतरवली होती. ती पुन्हा चढली.

एक गोष्ट लिहू की नको असं बरेच दिवस वाटत होतं. लिहिते. 'फ्री!' मधली माणसं ज्यांनी आखली, ते निशिया फुतोशी आज नाहीत. मुलांच्या आधीच्या, माध्यमिक शाळेतल्या दिवसांवरचा २०१५ चा चित्रपट ज्यांनी केला, ते ताकेमोतो यासुहिरोही नाहीत. १८ जुलै २०१९ रोजी तुमच्या फुशिमीच्या पहिल्या स्टुडिओला लावलेल्या आगीत ३६ जण गेले. 'फ्री!'चा एक चित्रपट त्याच्या तेराच दिवस आधी, ५ जुलैला, जपानमध्ये लागला होता. भाचीने मला हे सांगितलं तेव्हा मी मालिकेच्या मधोमध होते. त्यानंतर प्रत्येक चित्र मी वेगळं बघितलं. हारुकाच्या पाठीवर पाणी निथळताना खांद्याचा फरा हलतो, तो कुणाच्या तरी हाताने काढलाय. तो हात आता नाही. तुमच्या घराण्याची रीत मी वाचली आहे. हात्ता योको बाईंनी १९८१ मध्ये शेजारपाजारच्या गृहिणींना घेऊन रंगकामापासून हे सुरू केलं. काम बाहेर न टाकता आपल्याच माणसांकडून करवायचं, त्यांना पगार द्यायचा, नव्यांना आपणच शिकवायचं. म्हणजे जे गेले ते तुमचे सहकारी होते आणि अनेकांचे शिक्षकही होते. आणि तरीही तुम्ही २०२१ आणि २०२२ मध्ये शेवटचे दोन चित्रपट पुरे केलेत. कशाच्या बळावर केलेत, मला माहीत नाही. दुरून नमस्कार करते.

त्या शेवटच्या दोन चित्रपटांबद्दल माझी एक तक्रार आहे, ती आदर ठेवूनच करते. हारुका मोठा होतो, जगभरच्या पोहणाऱ्यांसमोर उतरतो, हरतो, मोडतो, पुन्हा उभा राहतो. सगळं खरं. मोठ्या तलावाच्या दिव्यांखाली तुमचं पाणी आणखी देखणं झालंय. पण जी मालिका गवत उगवलेल्या पंचवीस मीटरच्या तलावात सुरू झाली, ती सेकंदाच्या शंभराव्या भागात येऊन पोहोचली. फ्रीस्टाइल म्हणजे मुळात हवं तसं पोहा. नियमात त्या शर्यतीला ठरावीक स्ट्रोक नाही, सगळ्यांत वेगवान म्हणून सगळे क्रॉल, म्हणजे पालथं राहून एकाआड एक हात मारतात एवढंच. हारुकाला वेळेची, पदकांची पर्वा नव्हती, त्याला फक्त हवं तेव्हा, हवं तसं पाण्यात असायचं होतं, म्हणून तर तुम्ही हे नाव ठेवलंत. त्याची वाट तिकडे गेली, ती त्याची. पण माकोतोची वाट दुसरीकडे जाते, आणि तिकडे तुमचा कॅमेरा फार कमी गेला.

तो मुलगा शिक्षक होतो. दुसऱ्या पर्वात पाण्याला भिणारा छोटा हायातो त्याच्याकडे येतो, तेव्हा पहिल्यांदा कळतं की माकोतोला हे जमतं. तो मुलाला ओढत नाही, लाजवत नाही. त्याच्या उंचीवर येऊन बोलतो. मग फटाक्यांच्या रात्री हारुकाशी कडाक्याचं भांडण होतं. आपण टोकियोला शिकायला जायचं ठरवलंय, हे माकोतो त्याला सांगतो आणि ते हारुकाला सोसत नाही. पुढे टोकियोत तो पोहणं शिकवायच्या वाटेला लागतो. हे सगळं आहे, पण तुकड्या-तुकड्यांत, इतरांच्या शर्यतींच्या मधल्या फटींत. हायातोचे प्रसंग मी आणि भाचीने जोडून बघितले तर चहा संपायच्या आत संपले.

आता त्या बाईंचा प्रश्न सांगते. त्या चाळिशीच्या आहेत. त्यांचा भाऊ धरणाच्या पाण्यात गेला, त्याला वीस वर्षं झाली. पोहायला आल्या ते मुलीच्या हट्टापायी. तीन आठवडे झाले तरी तोंड पाण्यात घालेनात. नाक दाबून पाण्यात बुडबुडे सोडायचे, एवढंच करायचं होतं. एक दिवस बॅच संपल्यावर मी त्यांना बदलायच्या खोलीबाहेरच्या बाकावर बसवलं आणि मोबाइलवर तो सहावा भाग लावला. खालची इंग्रजी अक्षरं मी मराठीत सांगत गेले. त्या काही बोलल्या नाहीत. ओल्या केसांवर टॉवेल तसाच. माकोतो कोळ्याच्या बोटीचं सांगतो तिथे त्यांनी मोबाइल माझ्या हातातून आपल्या हातात घेतला. संपल्यावर विचारलं, "बाई, पुढे या पोराचं काय होतं?"

मी म्हटलं, तो मोठा होऊन माझ्यासारखं काम करतो. मुलांना पोहायला शिकवतो.

"मग ते लावा ना. तो शिकवतो ते."

ते लावायला माझ्याकडे फारसं काही नव्हतं. मी म्हटलं, नंतर दाखवते. अजून दाखवलेलं नाही.

तर माझी विनंती एवढीच आहे. नवं पर्व नको, मोठा चित्रपट नको. तुम्ही 'शेवटचा' म्हणून नाव दिलंत आणि दार नीट लावून घेतलंत, ते मी मानते. पण अर्ध्या तासाचा एकच भाग करा. या मुलांना लहानपणी पोहायला शिकवणाऱ्या सासाबे सरांच्या क्लबसारखा एखादा छोटा तलाव असू दे, इवातोबीतला असला तर फार बरं. मोठा झालेला माकोतो. गळ्यात शिट्टी. समोर सात-आठ मुलं, आणि त्यांच्याबरोबर एखादी मोठी बाई किंवा म्हातारा माणूसही असू दे, कारण भीती फक्त मुलांना नसते. शर्यत नको, घड्याळ नको. एक जण पहिल्यांदा तोंड पाण्यात घालतो आणि बुडबुडे सोडतो, एवढंच घडू दे. तुम्हाला वाटेल की यात काय दाखवायचं. मी रोज बघते, त्यात किती असतं ते सांगते. आधी गाल फुगतात, कारण माणूस दम आत धरून ठेवतो. डोळे मिटलेले. मान ताठ, आणि मान ताठ झाली की कंबर खाली जाते, पाय बुडतात. बोटं कठड्यावर पांढरी झालेली. मग कधीतरी, का ते कळत नाही, पहिला बुडबुडा सुटतो. त्याच्या मागोमाग खांदे सैल होतात. तुम्ही खांदे काढणारी माणसं आहात. हे तुमच्याइतकं चांगलं जगात कुणी काढू शकणार नाही.

आणि माकोतोचा हात. पहिल्या भागात हारुका आंघोळीच्या टबात डुंबून बसलेला असतो आणि माकोतो वाकून हात पुढे करतो, त्याला धरून हारुका बाहेर येतो. मालिकेत तो हात पुन्हा पुन्हा येतो. आमच्या कामात तोच हात उलट्या बाजूने लागतो, पाण्यात नेण्यासाठी. माणूस पाठीवर आडवा झाला की शिक्षकाचा हात मानेखाली असतो. पूर्ण वजन घ्यायचं नाही, नुसता असू द्यायचा. मग तो हळूहळू दोन बोटांवर आणायचा, मग एका बोटावर, आणि काढून घेतला हे समोरच्याला कळू द्यायचं नाही. माकोतोला हे नक्की येत असेल. ते त्याला करताना मला एकदा बघायचं आहे, आणि त्या बाईंना दाखवायचं आहे.

जमत असेल तर करा. नाही जमलं तरी राग नाही.

त्या बाई येत्या सोमवारी पहिल्यांदा पाठीवर आडव्या होणार आहेत. तोंड पाण्यात घालायचं आम्ही तूर्त बाजूला ठेवलंय, माकोतोसारखं आधी वर बघून. पाणी साडेतीन फूट असेल, आणि मानेखाली माझा हात.

कळावे. लोभ आहेच, तो वाढावा ही विनंती.

आपली,
सकाळी दहाच्या बॅचची बाई